मदत हवी आहे: आरोपी लंडनला आहे, प्रत्यार्पणासाठी सोलापुरातून काय करावं लागतं?

साखरपेठ_ठेवीदार
सोलापुरातल्या एका वित्तसंस्थेच्या संचालकावर ठेवीदारांच्या फसवणुकीचा गुन्हा दाखल आहे: भादंवि ४२०, ४०९ आणि एमपीआयडी (ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा) कलम ३. आर्थिक गुन्हे शाखेची चार्जशीट कोर्टात गेली आहे. आरोपी लंडनमध्ये, पासपोर्ट भारतीय. इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस निघाली की तिथे अटक होते का? करार आहे म्हणतात, मग अर्ज कोण करतं? आणि आम्ही ठेवीदारांनी काय करायचं?

सात_रस्ता
रेड कॉर्नर नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे. सीबीआयमार्फत इंटरपोलकडून ती निघते आणि माणूस कुठे आहे हे कळायला उपयोगी पडते, पण ब्रिटनमध्ये नुसत्या तिच्यावर अटक होत नाही. तुमच्याकडे ठावठिकाणा आहे, तेव्हा तिच्यासाठी अडून राहू नका.

ब्रिटनबरोबरच्या करारावर १९९२ मध्ये सह्या झाल्या, १९९३ पासून तो लागू आहे. मागणी सरकार सरकारकडे करतं, ठेवीदार किंवा पोलीस थेट करू शकत नाहीत. तपास अधिकारी कोर्टाकडून कागद करून घेतो, आयुक्तालयातून प्रस्ताव राज्याच्या गृह विभागाकडे जातो, तिथून दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाच्या सीपीव्ही (वकिलात, पासपोर्ट, व्हिसा) विभागाकडे, आणि मग लंडनला. तिथलं गृहखातं दाखला देतं, वेस्टमिन्स्टरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टातून वॉरंट निघतं आणि सुनावणी होते. कोर्टाने हिरवा कंदील दिला तरी शेवटची सही तिथल्या गृहमंत्र्यांची, वर हायकोर्टात अपील. विजय मल्ल्यांच्या प्रकरणात कोर्टाचा निकाल डिसेंबर २०१८ चा, अपील फेटाळलं एप्रिल २०२० मध्ये, आणि त्यानंतरही ताबा अडकून राहिला. वर्षांचा हिशोब मनाशी धरूनच उतरा.

नवी_पेठ_नोटरी
खरी मेख कागदांत आहे, आणि ते सोलापुरातच तयार होतात. संचात हे लागतं: प्रकरणाची पूर्ण हकिगत सांगणारं शपथपत्र, एफआयआर आणि चार्जशीटच्या प्रमाणित प्रती, मुदतीची तारीख नसलेलं अजामीनपात्र वॉरंट, लावलेल्या कलमांचा मजकूर शिक्षेसह, साक्षीदारांचे जबाब, आणि ओळखीसाठी फोटो, पासपोर्टचा तपशील, असतील तर बोटांचे ठसे. मराठी पंचनामे-जबाबांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवंच.

चुका इथेच होतात. एफआयआरमध्ये नाव एक, पासपोर्टवर स्पेलिंग दुसरं. जुन्या कागदांवर जन्मगाव ‘शोलापूर’, नव्यावर ‘सोलापूर’. दोन्ही एकच गाव आणि एकच माणूस आहे हे शपथपत्रात स्पष्ट लिहा, नाहीतर बचावाचा वकील ओळखीवरच बोट ठेवतो. रक्कम ‘१ कोटी २० लाख’ लिहून भागत नाही. १,२०,००,००० चा स्वल्पविरामही तिथे परका वाटतो, म्हणून १२ दशलक्ष रुपये असंही द्या. ‘मुदत ठेव’, ‘भिशी’ म्हणजे काय हे दोन ओळींत समजवा.

सात_रस्ता
यात एक भर. कलमाचं नाव दोन्हीकडे सारखं असायची गरज नाही. कृत्य दोन्ही देशांत किमान एक वर्षाच्या शिक्षेचा गुन्हा असलं पाहिजे. एमपीआयडी ब्रिटनमध्ये नाही, फसवणूक आहे. म्हणून ‘ठेवी परत केल्या नाहीत’ एवढंच लिहिलं तर ते नुसतं देणं ठरतं. कोणत्या तारखेला, कुणाला, काय खोटं सांगितलं, पैसा कुठल्या खात्यात आला आणि तिथून कुठे वळवला, हे बँक उताऱ्याच्या ओळीसह दाखवावं लागतं. भारताच्या मागणीत ब्रिटिश कोर्ट प्रथमदर्शनी पुरावा तपासतंच.

तुरुंगाचाही मुद्दा निघतो. मल्ल्या प्रकरणात आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२ चा व्हिडिओ कोर्टाने मागवून पाहिला होता. आरोपीला कुठे ठेवणार, जागा, उजेड, औषधोपचार याची लेखी हमी राज्याकडून आधीच तयार असलेली बरी.

साखरपेठ_ठेवीदार
खूप आभार सर. आणखी काही ठेवीदार आता तक्रार द्यायला तयार आहेत. नंतर दिली तर चालेल का?

नवी_पेठ_नोटरी
आताच द्या. प्रत्यार्पण कायदा १९६२, कलम २१: ज्या गुन्ह्यांसाठी ताबा मिळाला, त्यापलीकडच्या नव्या गुन्ह्यासाठी त्या देशाच्या संमतीशिवाय इथे खटला चालवता येत नाही. ताब्यासाठी दिलेला शब्द पाळावाच लागतो: अबू सालेमचा ताबा २००५ मध्ये पोर्तुगालने दिला तेव्हा भारताने २५ वर्षांपेक्षा जास्त कैद न देण्याची हमी दिली होती, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्या हमीला बांधील धरलं. तेव्हा उशिरा आलेल्या तक्रारी मागणी जाण्यापूर्वी पुरवणी चार्जशीटमध्ये घ्यायला तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा, पोच घ्या.

पैशासाठी मात्र आरोपी येण्याची वाट पाहू नका. एमपीआयडीखाली मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयाच्या आदेशाने रक्कम वाटता येते, आरोपी परदेशात असला तरी. सक्षम प्राधिकारी म्हणून कोण नेमलंय ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा आणि प्रत्येक ठेवीदाराचा दावा तिथे स्वतंत्र नोंदवा. मूळ पावत्या कुणा मध्यस्थाकडे सोपवू नका. पोलिसांनी घेतल्या तर जप्ती पंचनाम्याची प्रत त्याच वेळी मागून घ्या.