मदत हवी आहे: शाश्वत ऊर्जा आणि विकास या विषयात परदेशी मास्टर्स, जर्मनी की यूके?

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीत राहते. इलेक्ट्रिकलमध्ये बीई झालंय आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका सोलर कंपनीत तीन वर्षांहून जास्त काळ नोकरी करतेय. काम मुख्यतः सोसायट्यांच्या गच्चीवरच्या सोलरचं: साइट सर्व्हे, डिझाइन, महावितरणकडे नेट मीटरिंगचा (जादा सूर्यवीज ग्रिडला देऊन ती बिलातून वळती करून घेण्याचा) अर्ज आणि मीटर बसेपर्यंतचा पाठपुरावा. पुढच्या वर्षी मास्टर्ससाठी बाहेर जायचं नक्की केलंय. विषय ठरलाय, देश ठरत नाहीये.

विषय का ठरलाय ते आधी सांगते, कारण बहुतेक सल्ले तिथेच भरकटतात. "रिन्यूएबल" म्हटलं की लोक पवनचक्की नाहीतर बॅटरीच्या कोर्सेसच्या लिंका पाठवतात. चांगलेच कोर्स आहेत ते, पण माझा प्रश्न यंत्राचा नाही. घोडबंदर रोडवरचे टॉवर घ्या. तीस मजल्यांची वस्ती आणि वर गच्ची एवढीशी, त्यातही पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली. दुपार कलली की टाकीची सावली पॅनेलच्या रांगेवर सरकते आणि त्या स्ट्रिंगचं (एकमेकांना जोडलेल्या पॅनेलच्या साखळीचं) उत्पादन घसरतं. एवढं करून लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या बिलाला हातभार लागतो. तरी अशा सोसायटीला पीएम सूर्यघर योजनेत सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, आणि स्वतःचं छप्पर असलेल्या घराला 3 किलोवॅटसाठी 78,000. पण कळव्याला पारसिकच्या उतारावर पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचं काय? छप्पर मालकाचं, मीटर मालकाच्या नावावर. त्यांच्यापर्यंत स्वस्त सूर्यवीज पोचवायची तर नियम कसे असावेत, दर कसे ठरावेत, पैसा कुणी घालावा, हे मला शिकायचंय. त्यामुळे ऊर्जा अर्थशास्त्र, वीज नियमन आणि विकास हे तिन्ही एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम हवाय. नुसतं धोरणही नको. 12 ऑक्टोबर 2020 ला पडघा-कळवा 400 केव्ही वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई-ठाणे-नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. ग्रिड कसं चालतं हे ज्याला कळत नाही त्याने धोरण लिहू नये असं माझं ठाम मत आहे.

आता पर्याय. जर्मनीत ओल्डेनबर्गला नवीकरणीय ऊर्जेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम 1987 पासून चालू आहे आणि विकसनशील देशांतले विद्यार्थी तिथे सुरुवातीपासून येतात. फ्लेन्सबर्गला ऊर्जा व पर्यावरण व्यवस्थापन आहे, ते माझ्या विषयाच्या आणखी जवळचं वाटतं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्याला सत्राला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या टीयूनेही (तांत्रिक विद्यापीठानेही) आता युरोपबाहेरच्यांना फी लावलीय). पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे 11,904 युरो आधी दाखवायचे, त्याआधी एपीएस प्रमाणपत्र (आपल्या पदव्या तपासून जर्मनीकडून मिळणारं) काढायचं. डाड (DAAD) या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेची, विकसनशील देशांतल्या नोकरदारांसाठीची ईपीओएस शिष्यवृत्ती मिळाली तर सगळंच सुटेल. तिला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. दोन्हींत मी बसते, म्हणून यंदाच अर्ज करायचाय.

यूकेचं आकर्षण वेगळं. ससेक्सला विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाची एसपीआरयू आणि विकास अभ्यासाची आयडीएस, दोन्ही 1966 पासूनच्या संस्था एकाच आवारात आहेत. माझ्या विषयाला याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही. कोर्स एका वर्षाचा. मात्र फी भरमसाट, आणि शिकून झाल्यावर राहायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचाच मिळणार आहे. ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती मिळाली तर खर्चाचा प्रश्न उरत नाही. तिची परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट मला जाचक वाटत नाही, परत तर यायचंच आहे.

पैशाचं स्पष्टच लिहिते. बाबा लवकरच निवृत्त होतायत. मोठ्या कर्जासाठी बँक घर तारण मागते आणि राहतं घर अडकवायचं नाही हे आई आणि मी ठरवलंय. बाबा तयार आहेत, म्हणूनच आम्ही नाही म्हणतोय. जे. एन. टाटा एन्डोमेंटच्या कर्ज-शिष्यवृत्तीला अर्ज करणार आहे, पण तेवढ्याने यूकेची फी भागणार नाही. वाशीतल्या एका कन्सल्टंटकडे जाऊन आले. त्यांनी विषय नीट ऐकूनही घेतला नाही, मी न विचारलेल्या विद्यापीठांची यादी हातात ठेवली आणि आठवड्यात डिपॉझिट भरा म्हणाले. त्या वाटेला पुन्हा जाणार नाही. म्हणून इथे विचारतेय.

ओल्डेनबर्ग किंवा फ्लेन्सबर्गला शिकलेलं कुणी आहे का? तिथे अर्थशास्त्र आणि नियमन खरंच किती शिकवतात, की ते नावापुरतं असून सगळा भर प्रयोगशाळेवर असतो? वर्ग इंग्रजीत असले तरी इंटर्नशिपसाठी जर्मन कुठल्या पातळीपर्यंत लागतं? मी जर्मनच्या ए-वन या पहिल्या पातळीचा क्लास लावलाय, ऑफिसनंतर ठाण्याला जाते.

ईपीओएसच्या हेतुपत्रात वर लिहिलेला कळव्याचा मुद्दा घालावा का? की निवड समितीला एखाद्या पूर्ण झालेल्या प्रकल्पाबद्दल वाचायचं असतं? शिफारसपत्र माझे साइट इन्चार्ज देतायत. ते माझं काम रोज बघतात, पण हुद्दा लहान आहे. संचालकांचं घ्यावं तर ते मला नावानेही ओळखत नाहीत. कुणाचं चालेल?

आणि ज्यांचं उत्तर मला सगळ्यात जास्त हवंय ते म्हणजे असं काही शिकून परत आलेले लोक. वीज नियामक आयोगासमोर सुनावण्यांत काम करणाऱ्या संस्था, महावितरणचे सल्लागार, पुण्यातले ऊर्जा अभ्यासगट, यांच्याकडे अशा पदवीला काय किंमत आहे? सुरुवातीचा पगार साधारण किती, आणि त्यात वर्षभराच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता तरी जेमतेम निघतो का? आकडा इथे उघड लिहायचा नसेल तर व्यनि केलात तरी चालेल. ठाणे-नवी मुंबईत कुणी असाल तर रविवारी येऊन भेटायची माझी तयारी आहे.