विषय: खान्देशात कुटुंबासह फिरायला फोर-व्हील (चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी) गाडी, आरामशीर घ्यावी की दणकट?

मस्कतहून, ताईंचे पत्र

आदरणीय जिभाऊ आणि मंडळाचे सर्व सभासद यांस सप्रेम नमस्कार.

येत्या डिसेंबरात आम्ही ५ आठवड्यांच्या सुटीवर शहाद्याला येत आहोत. दरवर्षी भाड्याची गाडी करतो, पण या वेळी स्वतःची गाडी घ्यावी आणि आम्ही परतल्यावर ती आईच्या अंगणात राहू द्यावी, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. बसणारी माणसे पाच आहेत: आम्ही दोघे, १४ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांची आई, जिचे दोन्ही गुडघे आता साथ देत नाहीत. सारंगखेड्याची यात्रा, प्रकाशा, उनपदेव, मनुदेवी, पाटणादेवी आणि मुलांनी अजून न पाहिलेले तोरणमाळ व धडगावकडचा सातपुडा, एवढे सगळे या सुटीत करायचे आहे.

गाडीवरून मात्र घरात एकमत होत नाही. इथल्या वाळूत आणि कोरड्या नदीपात्रांत इतकी वर्षे गाडी चालवल्यामुळे यजमानांचे मन महिंद्राच्या थारवर बसले आहे, आणि सातपुड्यात दुसरी कोणतीही गाडी म्हणजे तडजोड असे ते म्हणतात. मला मारुतीच्या ग्रँड विटाराची चारही चाकांना ओढ देणारी ऑलग्रिप गाडी पुरेशी वाटते. जिभाऊ, तुम्ही दोन्ही मुलुखांत गाडी चालवलेली आहे, म्हणून तुमचे मत सविस्तर कळावे ही विनंती.

आपली नम्र,
मस्कत

शहाद्याहून, जिभाऊंचे उत्तर

ताई, स.न.वि.वि.

तुमच्या पत्रातला बराचसा वाद आसनांच्या संख्येवरच मिटतो. तीन दरवाज्यांच्या थारमध्ये चार माणसे बसतात आणि मारुतीच्या जिम्नीला पाच दरवाजे असले तरी आसने चारच आहेत. मुलगा ९ वर्षांचा असला तरी त्याला स्वतःचे आसन आणि स्वतःचा पट्टा हवाच, त्याला मांडीवर घेऊन घाट चढण्याचा विचारही करू नये. त्यामुळे यजमानांना दणकट गाडीच हवी असेल, तर पाच दरवाज्यांची थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एनची डिझेल फोर-व्हील किंवा पाच दरवाज्यांची गुरखा, एवढ्याच गाड्या खऱ्या अर्थाने विचारात घेण्याजोग्या उरतात. फॉर्च्युनरही आहे, पण तिच्या किमतीत तुमच्या आईच्या घराचा वरचा मजला बांधून होईल.

आता माझा अनुभव सांगतो. ओमानमधून १९ वर्षांनी परतल्यावर मीही हौसेने तीन दरवाज्यांची एक दणकट फोर-व्हील घेतली आणि अडीच वर्षांनी विकली. गाडीत दोष कसलाच नव्हता. दोष माझ्या हिशेबात होता, कारण गाडी घेताना मी रस्त्यांचा विचार केला आणि तीत बसणाऱ्या माणसांचा केला नाही. माझी थोरली बहीण, आमची अक्का, तेव्हा ६८ वर्षांची होती. तिच्यासाठी गाडीत एक लाकडी पाट ठेवलेला असे, आणि दर थांब्यावर तो खाली मांडायचा, अक्काने त्यावर पाय ठेवायचा, मग दुसरा पाय वर, हा आमचा रिवाज झाला होता. मनुदेवीला जाताना चोपड्याला आम्ही चहाला थांबलो आणि पाट तिथेच टपरीसमोर विसरलो. दर्शनानंतर ती गाडीत चढेना, तेव्हा दोन अनोळखी बायांनी तिला काखेत हात घालून वर चढवले. ती रस्ताभर काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, “भाऊ, तुनी गाडी चांगली शे, पन माले आते घरच बरं.” त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही.

यजमानांना ओमानचे एक उदाहरण नक्की पटेल. जबल अख्दरच्या डोंगरावर जाताना बिरकत अल मौझच्या चौकीवर पोलीस फोर-व्हील नसलेली गाडी वर जाऊ देत नाहीत, आणि तो रस्ता तर उत्तम डांबरी आहे. मग अट कशासाठी? चढण्यासाठी नव्हे, उतरण्यासाठी. लांबलचक उतारावर सतत ब्रेक दाबला की तो तापून निकामी होतो, आणि लो गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला धरून ठेवते. तोरणमाळच्या घाटालाही हाच न्याय लागू आहे, फक्त उतार तितका लांब नाही. ऑलग्रिपमध्ये लो गिअरचा वेगळा डबा नसतो हे खरे, पण गिअर हाताने निवडला आणि ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात किंवा त्याच्या खालच्या गिअरात उतरलो, तर तो घाट नीट उतरता येतो. शेवटी शहाद्याहून आपली एस.टी. तोरणमाळला जातेच, आणि तिची फक्त मागची चाके ओढतात. तोरणमाळसाठी थार लागते असे म्हणणे त्या चालकांवर अन्याय करण्यासारखे आहे.

उंचीचाही बाऊ नको. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे थारच्या पोटाखाली २२६ मिलिमीटर मोकळी जागा आहे आणि ग्रँड विटाराखाली २१०. हा फरक दोन बोटेही भरत नाही. पाच माणसे आणि सामान भरल्यावर मऊ स्प्रिंगांची गाडी अधिक खाली बसते, नाकही तिचे पुढे आलेले असल्यामुळे खोल घळीत ते आधी टेकते. पण तुमच्या यादीतल्या एकाही देवस्थानाला जाताना तशी घळ येत नाही.

वाळूत शिकलेली विद्या इथे उपयोगी पडत नाही, हेही यजमानांना आवर्जून सांगा. तिथे आपण चाकांतली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवतो, चाक पसरते आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी निघते. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला चिकटते. एका जुलैत, रात्री पाऊस पडून गेल्यावर, मी पपईच्या मळ्याकडे जाणाऱ्या गाडवाटेवर गाडी घातली. पन्नास पावलांत टायरच्या सगळ्या खाचा मातीने लिंपल्या जाऊन चारही चाके कुंभाराने नुकत्याच हात फिरवलेल्या मडक्यासारखी गुळगुळीत झाली. लो गिअर लावला, हवा काढली, चारही चाके फिरत राहिली आणि गाडी जागची हलली नाही. शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरने ओढून काढली. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी घालायची नसते. तिथे दणकटपणाचे पैसे वाया जातात.

फरशी पुलांबद्दलही तसेच. कंपनी थारसाठी ६५० मिलिमीटर पाण्याचा आकडा देते, पण दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींना ओढून नेते. गोमाई नदीला पूर आला की गाडी कोणतीही असो, अलीकडेच थांबायचे. तुम्ही डिसेंबरात येताय म्हणून हे थोडक्यात लिहितो.

रॉक्स किंवा स्कॉर्पिओ घेतलीच, तर एक गोष्ट लक्षात असू द्या. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावायचे नाही. त्यांची पुढची आणि मागची चाके तेव्हा एकमेकांना जखडली जातात, वळणावर टायर घासतात आणि यंत्रणेवर ताण येतो. ऑलग्रिप मात्र चाक घसरू लागले की मागे ओढ आपोआप पाठवते, आणि ओल्या, खडी सांडलेल्या घाटात बायकामुलांना घेऊन जाताना मला ती सोय जास्त मोलाची वाटते. तिचे उणे एकच. भरलेली गाडी चढावर दम टाकते.

आणि ताई, ती गाडी वर्षातले अकरा महिने तुम्ही नसताना इथे राहणार आहे. आईंना नंदुरबारला डॉक्टरांकडे कोण नेणार? तुमचा भाचा. कोणत्या गाडीने? याच. माझे मत आरामशीर गाडीकडे आहे. धडगावच्या आतल्या पाड्यांत जायचे असेल तेव्हा तिथली प्रवासी जीप तिच्या चालकासह दिवसभरासाठी ठरवावी. त्या चालकाला कोणत्या वळणावर दरड येते ते पाठ असते, आणि चार पैसे त्याच्या घरी जातात.

आपला,
जिभाऊ

दुबईहून, मूळ जळगावच्या एका सभासदाचे पत्र

जिभाऊंना सादर नमस्कार. त्यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु एका बाबतीत वेगळे मत नोंदवतो. आमच्या जळगावच्या घरी २०२२ पासून स्कॉर्पिओ-एन फोर-व्हील आहे, आणि पाच माणसे व सामान घेऊन पालला किंवा चाळीसगावपुढे औट्रम घाटात जाताना डिझेल इंजिनाची ताकद किती उपयोगी पडते, ते चालवल्याशिवाय कळत नाही. अपघाताचाही विचार व्हावा. थार रॉक्सला भारत एन-कॅपच्या, म्हणजे गाडी आदळवून सुरक्षितता पाहणाऱ्या, चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी, दोन्हींत पाच तारे मिळाले आहेत. स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एन-कॅपमध्ये मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पायरीची अडचण बाजूला लोखंडी पायदान बसवून बरीच कमी होते. माझी आई ७४ वर्षांची आहे, ती चढते.

मस्कतहून, ताईंचे दुसरे पत्र

आदरणीय जिभाऊ आणि जळगावकर दादा, दोघांचे मनापासून आभार.

तुमची पत्रे मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. यजमान अक्कांच्या पाटाच्या मजकुरापाशी गप्प झाले आणि म्हणाले की आईला विचारल्याशिवाय आपण दोघे कशावर भांडतो आहोत? म्हणून रविवारी भाच्याने आईला धुळ्याला नेऊन तिन्ही गाड्यांत बसवले आणि आम्ही फोनवरून पाहिले. दादा, तुमचे म्हणणे अर्धे खरे ठरले. पायदान आणि वरचा दांडा धरून आई रॉक्समध्ये चढली, स्कॉर्पिओमध्येही चढली. पण उतरताना सगळा भार एका गुडघ्यावर आला, तिने दाराला घट्ट धरले आणि भाच्याने हात देईपर्यंत ती तशीच एका पायावर थांबून राहिली. ग्रँड विटारात ती आधी टेकली, मग दोन्ही पाय आत घेतले, आणि तशीच उतरली, कोणाचा हात न धरता. भाच्याने तिला तीन वेळा बसवून-उतरवून पाहिले.

अपघाताच्या चाचणीचा मुद्दा माझ्या मनात अजून आहे, त्यामुळे मुलाची बैठक इथूनच आणते आहे आणि मागच्या मधल्या आसनावर कोणालाही पट्ट्याशिवाय बसू देणार नाही. घाट उतरताना गिअर हाताने खालचाच ठेवायचा, हेही ठरवले आहे. जिभाऊ, धडगावला दिवसभरासाठी जीप ठरवायची तर दत्तजयंतीच्या आधीचा आठवडा बरा की सारंगखेड्याची यात्रा आटोपल्यावर, एवढे तेवढे कळवावे. यजमान त्या जीपमध्ये चालकाशेजारी बसणार आहेत.

आपली नम्र,
मस्कत