मंदीत घर विकलंत? गोव्यातले तुमचे अनुभव लिहा

फोंड्यात तिस्कावर एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. लिफ्ट नाही. गेल्या चतुर्थीला आई माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या सजावटीचं, सामान निवडायला म्हणून बाजारात गेली आणि परत येताना दुसऱ्या मजल्यावरच बसली. शेजारच्या मुलांनी खुर्चीतून वर आणली. त्या रात्रीच ठरलं की आता तळमजला बघायचा. कुर्टीला मिळाला, कर्ज घेतलं, हप्ता सुरू झाला. जुना फ्लॅट मात्र सात महिने झाले विकला जात नाही. अकरा जण बघून गेले, दुसऱ्यांदा कोणी आलं नाही. जुन्या फ्लॅटचंही थोडं कर्ज शिल्लक आहे, म्हणजे दर महिन्याला दोन हप्ते.

बाजार थंड असताना ज्यांनी गोव्यात राहतं घर विकलंय त्यांनी स्वतःचा अनुभव लिहावा. भाव कसा ठरवलात, कागद कुठे अडले, गिऱ्हाईक शेवटी कुठून आलं? नाही विकलं गेलं असेल तरी लिहा.

डिचोली

मंदी काय असते ते आमच्या भागाला विचारा. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि वर्षभरात आमच्या वाड्यावर ट्रक आणि घरं एकदमच विकायला निघाली. ट्रकांचे हप्ते थकलेले, प्रत्येकाला पैसे हवेत. आमचेही दोन ट्रक होते. घर विकून आम्ही पत्नीच्या माहेरी खोलीत राहायला गेलो. त्या दिवसांबद्दल जास्त लिहीत नाही.

उपयोगाचं तेवढं सांगतो. त्या वेळी विकत घेऊ शकणारा माणूस एकच होता, पगारदार. शिक्षक, सरकारी नोकर, औषध कंपनीतला कामगार. त्याच्याकडे रोकड नसते, त्याला बँक लागते. म्हणजे तुमचं घर आधी बँकेला पसंत पडायला हवं. मी सगळ्या कागदांची एक प्रत घेऊन बँकेच्या यादीवरच्या वकिलाकडे गेलो, स्वतःच्या खिशातून फी भरली आणि तीस वर्षांचा टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी हक्काचा तपासणी अहवाल, करून घेतला. सब-रजिस्ट्रारकडून बोजा नसल्याचा दाखलाही काढला. येईल त्याच्या हातात ती फाईल द्यायचो. शेजाऱ्याचं घर आमच्यापेक्षा चांगलं, स्लॅबचं, भावही कमी. पण त्यानं मागच्या बाजूला दोन खोल्या परवानगीशिवाय चढवल्या होत्या. त्याच्याकडे आलेल्या तिघांचं कर्ज नाकारलं गेलं. त्यातलाच तिसरा आमचं घर घेऊन गेला.

पर्वरी

आम्ही केलेली चूक तुम्ही करू नका, ताई. लवकर विकायचं म्हणून आम्ही पाच दलालांना सांगितलं. प्रत्येकानं आपापली जाहिरात टाकली, प्रत्येकाचा भाव वेगळा, फोटो तेच. एका गिऱ्हाइकानं मोबाईलवर पाचही जाहिराती उघडून माझ्या यजमानांना दाखवल्या आणि म्हणाला, सगळ्यात कमी इथे आहे, यातूनही किती सोडणार ते सांगा. त्या दिवशी फार अपमान वाटला.

सगळ्या जाहिराती काढायला लावल्या. महिनाभर काहीच केलं नाही. मग एकाच दलालाला साठ दिवसांसाठी लेखी दिलं, दलाली दोन टक्के, भाव एकच. त्यानं एक साधी गोष्ट विचारली जी आधी कोणीच विचारली नव्हती. तुमचा भाव चौरस मीटरचा की फुटाचा? आपण गोव्यात मीटरवर बोलतो, मुंबई-पुण्याचा माणूस फुटावर. एक मीटर म्हणजे पावणेअकरा फूट. शिवाय आमच्या 92 मीटरमध्ये जिना आणि पॅसेजही धरलेला होता, प्रत्यक्ष आतलं क्षेत्र 70. त्यानं 70 च लिहिलं. फोन कमी आले, पण जे आले ते घर बघून चकित होऊन परत गेले नाहीत. पन्नासाव्या दिवशी टोकन मिळालं.

भावाचंही सांगते. आजूबाजूचे काय मागतात त्यावर आम्ही भाव लावला होता. मागायला काय, कोणीही मागेल. आमच्याच इमारतीत आधीच्या वर्षी झालेल्या दोन व्यवहारांचे आकडे खरेदीदारांनाच विचारले, तेव्हा कळलं की आम्ही बाराएक टक्के वर होतो. तेवढा उतरवला तो एकदाच. दर महिन्याला थोडा थोडा उतरवला की बघणारा पुढच्या महिन्याची वाट बघत बसतो.

प्रियोळ

आमचं वडिलोपार्जित घर. बाबा गेले, आम्ही दोघे भाऊ, एक बहीण, आई आहे. वाद अजिबात नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं की घर विकायचं आणि आईला माझ्याकडे म्हार्दोळला आणायचं. गिऱ्हाईकही पंधरा दिवसांत मिळालं, आमच्याच ओळखीचं. टोकन घेतलं, पेढे वाटले.

मग त्यांच्या वकिलानं विचारलं, सह्या कोणाकोणाच्या? आम्ही म्हटलं आई आणि आम्ही तिघं. ते म्हणाले, सात जणांच्या. मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं गोव्यात राहून, पोर्तुगीज काळचा 1867 चा दिवाणी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे हे भाषणात ऐकलेलं, पण तो आपल्या घरात येऊन बसलाय हे लक्षात नव्हतं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची सगळी मालमत्ता सामाईक धरतात, वारशानं आलेलीसुद्धा. म्हणून माझ्या बायकोची सही, वहिनीची सही आणि बहिणीच्या नवऱ्याचीही. बाबांच्या मागे अर्धा भाग आईचा तो आईचाच, उरलेल्या अर्ध्यात आम्ही.

भाऊजी पुण्याला. त्यांचं लग्न इथेच नोंदलेलं. फोन केला तर म्हणाले, "तुमच्या बाबांच्या घरात माझी सही कशाला? लोक म्हणतील जावई हिस्सा मागायला आला." दोन महिने ते यायलाच तयार नव्हते, निव्वळ संकोचापोटी. शेवटी आईनं स्वतः फोन घेतला. "जावईबापू, तुम्ही आल्याशिवाय हे घर मला सोडवत नाही, असं समजा." तेव्हा आले.

त्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, अजून आजोबांचं नाव, आणि इतर हक्कांच्या रकान्यात आमच्या मुंडकाराचं, म्हणजे आमच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर. त्याचे वडील आमच्या आजोबांकडे नारळ पाडायचे. त्याला त्याचं घर आणि भोवतालची जागा रीतसर मिळायला हवी होती, ते काम बाबांच्या काळापासून राहिलेलं. आधी ते मामलेदारांकडे पूर्ण केलं. घाई असूनही ते आधी केलं याचं मला समाधान आहे, नाहीतर नव्या मालकाशी भांडत त्याचं आयुष्य गेलं असतं. मग वारसाचं डीड, मग म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर नावबदल.

एवढ्यात पहिलं गिऱ्हाईक थांबेल कसं? त्याची मुलगी शाळेत जायची होती, त्यानं दुसरीकडे घेतलं. टोकन परत केलं. सगळे कागद नावावर झाल्यावर दुसरं गिऱ्हाईक आलं आणि सेल डीड सहा आठवड्यांत झालं, थोडा कमी भाव घेऊन.

म्हणून वडिलांचं घर असेल त्यांना हात जोडून सांगतो, विकायचं मनात नसलं तरी आज उतारा काढून बघा. वारसांचं एकमत आहे तोवर हे डीडवर भागतं. एकानं जरी नाही म्हटलं तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीचा दावा, लावावी लागते, आणि तिथे घरातल्या घरात बोली लावायची पाळी येते. आमच्या मामांकडे तसं झालंय. घर राहिलं, भाऊ-भाऊ बोलायचे राहिले.

म्हापसा

आमचं खोर्लीला कौलारू बैठं घर होतं. सगळे म्हणायचे पावसात दाखवू नका, नोव्हेंबरपर्यंत थांबा. भिंतींना ओल येते, अंगणात शेवाळ असतं. आम्हाला थांबायला वेळ नव्हता, मुलाची फी भरायची होती. मे महिन्यात घर नीट शाकारून घेतलं, झडीच्या बाजूची भिंत बाहेरून पुन्हा गिलावा करून घेतली. रंगावर पैसे घातले नाहीत. आणि भर जुलैत, धो धो पाऊस पडत असताना लोकांना बोलावलं. इथे मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो ज्या घरात येत नाही हे डोळ्यांनी दिसतं त्याला आणखी जाहिरात कशाला लागते? घेणाऱ्या बाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीला तळहात लावून बघितला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सुकी आहे."

एक मात्र, टोकन चतुर्थीच्या आधी घ्या. नंतर पितृपक्ष लागतो आणि ठरलेलं गिऱ्हाईकसुद्धा पंधरा दिवस लांबणीवर टाकतं. तेवढ्यात त्याला दुसरं घर दिसतं.

दुबईहून, घर वास्कोत

परदेशात राहणाऱ्यांसाठी. भावाला मुखत्यारपत्र दिलं, वकिलातीत साक्षांकित केलं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो, हे भावाला माहीत होतं म्हणून निभावलं. बायकोचं मुखत्यारपत्र मात्र केलं नव्हतं, प्रियोळच्या दादांनी लिहिलंय त्याच कारणानं सगळं अडलं आणि ते नव्यानं करावं लागलं.

दुसरं, विकणारा अनिवासी असला की खरेदीदाराला कर कापून भरायचा असतो आणि तो नुसत्या नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर कापायची पाळी येते. निवासी माणसाचं सोपं आहे, पन्नास लाख किंवा वर गेलं तर एक टक्का. आमच्या वेळी दोन गिऱ्हाइकं याच भीतीनं पळाली. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधीच काढला असता तर ती टिकली असती. तिसरं गिऱ्हाईक म्हणजे आमचाच भाडेकरू. चार वर्षं राहत होता, घर त्याला आवडत होतं, आणि त्याला विचारायचं आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

साखळी

निम्मे रोख घ्या, उद्या सौदा करतो, असं म्हणणारे मंदीत हमखास येतात. आम्ही तीन महिने घर पडून असतानाही नाही म्हटलं. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेणं कायद्यानं बंद आहे. शिवाय कागदावर कमी किंमत दाखवली तर कर्जावर घेणाऱ्याला बँक त्या किमतीवरच कर्ज देणार, मग तोही अडकतो. बायको म्हणाली, हे घर आपण सरळ पैशानं बांधलं, सरळ पैशानंच जाऊ दे. पुढे दोन महिन्यांनी गेलं.

बँकेतून निवृत्त, मडगाव

फोंड्याच्या ताईंनी कर्ज शिल्लक आहे म्हटलंय, त्यावर. कर्ज असलेलं घर विकता येत नाही असा समज आहे, तो चुकीचा. तुमच्या बँकेकडून आज दोन कागद मागा. कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल त्याचं पत्र आणि बँकेकडे ठेवलेल्या मूळ दस्तऐवजांची यादी. ही दोन पत्रं बघून खरेदीदाराची बँक तुमची थकबाकी परस्पर भरते, उरलेली रक्कम तुम्हाला. बदलत्या व्याजदराचं व्यक्तिगत गृहकर्ज असेल तर मुदतीपूर्वी फेडल्याचा दंड नाही. आणि कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा नियम आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई. खरेदीदाराला हे समजावून सांगा, त्याची निम्मी भीती तिथेच जाते. सोसायटीचा ना हरकत दाखला, घरपट्टी आणि वीज-पाण्याच्या शेवटच्या पावत्याही त्याच फाईलमध्ये लावा.

पेडणे

आमचं अजून विकलं गेलेलं नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला तेव्हा रोज कोणीतरी विचारायला यायचं. आम्हीच थांबलो, अजून वाढेल म्हणून. आलेल्यांना घर नको होतं, जमीन हवी होती, घर पाडणार होते. वडील म्हणाले, राहणाऱ्याला देऊ. राहणारा अजून मिळालेला नाही. वडील आता नाहीत, पण मला त्यांचं म्हणणं मोडवत नाही. कोणाला बागेसकट साधं घर हवं असेल तर आमच्याकडे तुळस आहे, दोन फणस आहेत आणि विहिरीला मे महिन्यात पाणी असतं.

फोंडा, पुन्हा

सगळे अनुभव आईला वाचून दाखवले. पर्वरीच्या ताईंचं वाचून आमच्या दलालांपैकी चौघांना फोन करून नको म्हटलं. आमच्या इमारतीतले जुने आकडे काढले, भाव एकदाच खाली आणला. बँकेची दोन पत्रं आणली. बाल्कनी आम्ही बंद केली होती, मूळ आराखड्यात ती उघडी होती, ते मूल्यांकनाला येणाऱ्याला खटकलं असतं म्हणून खिडक्या काढून पुन्हा उघडी केली. तिथे संध्याकाळी इतकं छान वारं येतं हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

आणि वास्कोच्या भाडेकरूचं वाचून इमारतीतच विचारलं. दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारं जोडपं आहे, दोघंही कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. ज्यांनी आईला खुर्चीतून वर नेलं त्यातला एक त्या घरचाच मुलगा. त्यांना वाटत होतं आम्ही बाहेरच्यालाच देणार, म्हणून कधी विचारलं नव्हतं. त्यांचं कर्ज मंजूर झालं. काल सब-रजिस्ट्रारकडे सह्या झाल्या, यजमानांची आणि माझी दोघांचीही.

आई म्हणते चतुर्थीला माटोळी कुर्टीलाच बांधायची, पण तिच्यात टांगायची कवंडाळं ही रानफळं फोंड्याच्याच बाजारातून आणायची. आता ती स्वतः जाईल.