बर्फातली गाडी आणि स्नो चेन : तुमचे अनुभव लिहा

गेल्या जानेवारीत आम्ही ठाण्याहून स्वतःच्या गाडीने मनालीला गेलो. सोलंगच्या अलीकडे पोलिसांनी विचारलं, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद जाणारी गाडी) आहे का? नसेल तर चेन (बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर बांधायची साखळी) लावा, नाहीतर मागे फिरा. चेन भाड्याने मिळाली, तिथल्या एका मुलाने पटापट चढवूनही दिली. पुढे अटल बोगदा, ९.०२ किलोमीटरचा. आत कोरडा रस्ता लागला, चेन खडखडायला लागली, आणि तेव्हा लक्षात आलं की ती काढायची कशी हे आम्हाला येतच नाही. अख्खा बोगदा वीसच्या वेगाने काढला, मागे गाड्यांची रांग. शेजारी बाबा दोन्ही हातांनी हँडल धरून बसले होते.

आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून हे शिकायचं राहून जातं. पण चेन बांधायला बर्फ लागतो कुठे? बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोनदा चढवून-उतरवून पाहिल्याशिवाय निघूच नये, असं माझं ठाम मत झालं आहे. ज्यांनी स्वतःच्या हाताने लावली आहे त्यांनी सविस्तर लिहा. चुकलं असेल तर तेही लिहा.
(घोडबंदर रोड, ठाणे)

नेरूळहून

ताई, आम्ही अगदी हेच केलं. आधी टायरच्या कडेवरचा आकडा वाचला, आमचा १८५/६५ आर १५. चेन त्याच मापाची घ्यायची, अंदाजाने नाही. आणि गाडीचं मॅन्युअल उघडून बघा. काही गाड्यांत चाक आणि सस्पेन्शनमध्ये जागाच इतकी कमी असते की फक्त बारीक कड्यांची चेन चालते.

आमच्या चेनला वायरची लवचिक रिंग होती. चेन जमिनीवर पसरून पीळ काढायचा. रिंगचं एक टोक चाकाच्या मागून सरकवायचं, दोन्ही टोकं वर आणून जोडायची आणि जोड टायरच्या मागे ढकलायचा. मग पुढचा हूक, आणि शेवटी लाल साखळी ओढून ताण द्यायचा. जॅक लागत नाही. पहिल्यांदा मला चाळीस मिनिटं लागली, चौथ्यांदा आठ. मग मुलाने पार्किंगचा दिवा बंद केला आणि म्हणाला, आता हातमोजे घालून करा. मोज्यातून तो हूक बोटांना सापडेचना! शेवटी डोळे मिटून, नुसत्या स्पर्शाने ओळखायला शिकलो.

मनालीच्या वरच्या गुलाबा गावाच्या रस्त्यावर याचाच उपयोग झाला, कारण तिथे मोजे काढले तर दोन मिनिटांत बोटं बधिर होतात. लावल्यावर शंभरेक मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणा. चेन हमखास सैल झालेली असते.

कळव्याहून

माझी चूक लिहितो. चेन मागच्या चाकांना लावली. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी, त्यामुळे पुढची चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि गाडी आडवी सरकली. ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते, चेन त्यांनाच.

खारघरहून

आणि पुढच्या चाकांना लावली म्हणजे झालं असंही नाही. उतारावर वळताना मागची चाकं मोकळीच असतात, शेपूट फिरतं. पावसात कसारा घाट उतरताना करतो तेच करा: आधीच खालचा गिअर, ब्रेक अगदी हलके, स्टिअरिंगला झटका नाही. चेन असताना चाळीसच्या वर जाऊ नका.

माझं नुकसान मात्र कोरड्या रस्त्यावर झालं. बर्फ संपला होता, पण "पुढे परत लागेल" म्हणून चेन काढली नाही. एक कडी तुटली, लोंबणारं टोक चाकाबरोबर फिरत आत आपटत राहिलं आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर तुटली. दोन दिवस मनालीत अडकलो.

ऐरोलीहून

मी कॅलिफोर्नियात चार हिवाळे काढले. तिथे लेक टाहोकडे जाताना चेन कुणी लावायची हे सांगणाऱ्या आर १, आर २, आर ३ अशा चढत्या कडकपणाच्या पाट्या लागतात. आर २ ला चारही चाकांना स्नो टायर असलेली फोर व्हील ड्राइव्ह बिनाचेनची जाऊ शकते, पण चेन गाडीत असावीच लागते. आर ३ ला सगळ्यांनाच लावावी लागते, कुणालाही सूट नाही. फोर बाय फोर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे मुद्दाम सांगते. चारही चाकं फिरली तरी गोठलेल्या रस्त्यावर थांबायला पकड लागते ती टायरचीच.

वाशीहून

रात्री उघड्यावर गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठून बसतो. सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. आमच्या होमस्टेच्या मालकांनी पहिल्याच संध्याकाळी हे सांगितलं, त्यांचे फार उपकार.

बेलापूरहून

परत आल्यावरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्ही चेन ओलीच पिशवीत कोंबली आणि माळ्यावर टाकली. एक पावसाळा गेला, वर आपली खाडीकाठची हवा. पुढच्या डिसेंबरात पिशवी उघडली तर ताणायची खटकी गंजून जाम, हूक उघडेना. निघायला दोन दिवस राहिले होते, नवीन घ्यावी लागली. आता गोड्या पाण्याने धुते, पंख्याखाली रात्रभर वाळवते आणि प्रत्येक कडीला तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळते. गणपतीत माळा साफ करताना एकदा उघडून बघते.