अनुभव धागा : कोविडकाळातले दंतवैद्यकाचे विद्यार्थी आणि त्यांचे मन

अक्कलदाढ
भाची यंदा बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. कोट्याचे, म्हणजे प्रत्येकाने उपचार करायच्या ठरावीक संख्येचे, रुग्ण मिळत नाहीत म्हणून ती परवा रडकुंडीला आली, तेव्हा मला २०२० आठवले. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली त्या वेळी मी अंतिम वर्षात होते, ओपीडी बंद पडली, हॉस्टेल रिकामे झाले आणि ज्यांची कवळी अर्ध्यावर राहिली ते आजोबा फोन करून "ताई, दात कधी बसवणार?" असे विचारत राहिले. तास ऑनलाइन झाले, परंतु दात कोरण्याचा अंदाज पडद्याकडे पाहून बोटांत उतरत नाही. हात बसण्याआधीच मोडणार या धास्तीने झोप उडाली होती, आणि भोवती माणसे जात असताना कोट्याचे दुःख करण्याची लाजही वाटत होती. तुमचे अनुभव जरूर लिहा.

सांगलीकर
आमची इंटर्नशिप स्वॅब केंद्रावर गेली. रांगेतले लोक आदराने 'डॉक्टर' म्हणत आणि घरी आत्या "पण तू दाताचाच ना?" असे विचारी. आईबाबांना बाधा होईल या भीतीने मी माळ्यावर झोपत असे. ताट पायरीवर ठेवलेले असे. कामाचा शीण झोपेने जाई, हा एकटेपणा मात्र पुढेही बराच काळ टिकला.

रूटकॅनॉल
मी एमडीएसच्या (पदव्युत्तर दंतवैद्यकाच्या) दुसऱ्या वर्षाला होते. एअरोटर (दात कोरण्याचे यंत्र) चालला की तुषार उडणार, म्हणून मे २०२०मध्ये केंद्राच्या सूचना आल्यानंतरही तातडीचेच उपचार होत. प्रबंधासाठी रुग्ण मिळेनात, आणि मुदतीबद्दलचे निरोप मात्र नियमाने येत. छातीत धडधड सुरू झाली तेव्हा प्रत्येक वेळी कोविडच झाला असे वाटे. अखेर मैत्रिणीच्या आग्रहाने फोनवरून मनोविकारतज्ज्ञांशी बोलले आणि औषध सुरू केले. ही गोष्ट विभागात कोणालाही सांगितली नव्हती, आज प्रथमच लिहिते आहे.

सांगलीकर
@रूटकॅनॉल, लिहिलेत हे फार बरे केलेत.

फिरकी
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण त्या आजोबांच्या कवळीचे काय झाले?

अक्कलदाढ
@फिरकी, दिवाळीनंतर बसवली. तोवर हिरड्या इतक्या आक्रसल्या होत्या की मापे पुन्हा घ्यावी लागली.

नीटग्रस्त
नीट एमडीएसची परीक्षा १६ डिसेंबर २०२० रोजी झाली आणि प्रवेशफेऱ्या सुरू व्हायला २०२१चा ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात मी ना विद्यार्थी होतो ना नोकरदार. अभ्यास संपला होता, दवाखाना काढण्याचे धाडस नव्हते, आणि "पुढे काय?" या प्रश्नाला टाळण्यासाठी मी लग्नसमारंभांना जाणे सोडले. पन्नास माणसांच्या मर्यादेचे कारण सांगता येई, हा एक फायदा!

जुनी मास्तरीण
मी शिकवणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. मुले परतली तेव्हा आधी चांगले काम करणाऱ्यांचेही हात भुलीचे इंजेक्शन देताना थरथरत होते. आमच्या विभागाने त्यांना थेट रुग्ण न देता काही आठवडे फँटम हेडवर (सरावासाठीच्या कृत्रिम डोक्यावर) बसवले, त्याचा उपयोग झाला. मात्र मुखपट्टी आणि फेसशील्डमागे कोण रडून आले आहे हे ओळखणे अवघड होते, आणि समुपदेशक नेमावा ही आमची मागणी व्यवस्थापनाने खर्चाचे कारण देऊन टाळली. @अक्कलदाढ, भाचीला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देऊन ठेवा. २०२२पासून ती सेवा चालू आहे, मराठीतही बोलता येते.

अक्कलदाढ
@जुनी मास्तरीण, आभार. आजच कळवते.