लाल मातीवरचा दुसरा नंबर कुणाचा?

खानापूरकर
टेनिसमध्ये लाल मातीवर नदाल पहिला. १४ फ्रेंच ओपन म्हटल्यावर तिथं वाद नाही. भांडण दुसऱ्या नंबराचं. माझा कल गिलेर्मो विलासकडं आहे. १९७७ ला क्लेवर (लाल मातीच्या कोर्टवर) सलग ५३ सामने जिंकले, क्लेवरची विजेतेपदं एकूण ४९. बोर्गला वर का धरतात, कुणी पटवून द्या.

टिळकवाडी
१९७७ ला बोर्ग पॅरिसला, म्हणजे फ्रेंच ओपनला, आलाच नव्हता, अमेरिकेत वर्ल्ड टीम टेनिस ही सांघिक लीग खेळत होता. बोर्ग-विलास समोरासमोरचं बघा की. १९७५ ची पॅरिसची फायनल बोर्ग ६-२, ६-३, ६-४. १९७८ ची ६-१, ६-१, ६-३. त्या साली अख्ख्या स्पर्धेत ३२ गेम गेले, सेट एकही नाही! पॅरिसात ४९ जिंकले, २ हरले, दोन्ही वेळा समोर इटलीचा पानाटाच. लाकडी रॅकेटवर सहा फ्रेंच ओपन, तीही पंचविशीपर्यंत.

निपाणीवाला
नुसते कप मोजू नका, कोर्ट काय मागतं ते बघा. पॅरिसचं कोर्ट खानापूरच्या तांबड्या रानासारखं दिसतं, पण ती माती नव्हेच. वर भाजलेल्या विटांचा जेमतेम एक-दोन मिलिमीटर भुगा, खाली चुनखडीचा चुरा. भुग्याला घासून चेंडूचा वेग मोडतो आणि उसळी वर जाते. टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेची फिरकी) असला की आणखी वर. डावऱ्या नदालचा फोरहँड उजव्या खेळाडूच्या बॅकहँडला खांद्याच्या वर चढायचा, एकहाती बॅकहँडवाल्याला तिथून जोरच लावता यायचा नाही. फेडरर पॅरिसात त्याच्याशी सहा वेळा खेळला, सहाही वेळा हरला. जोकोविच तोच चेंडू दोन हातांनी, चढता असतानाच घ्यायचा. नदालला पॅरिसात दोनदा हरवणारा तो एकटाच (२०१५, २०२१).

टिळकवाडी
मग ऑक्टोबर २०२० ची फायनल? गार हवा, जड चेंडू, कमी उसळी, सगळं जोकोविचच्या सोयीचं. तरी नदाल ६-०, ६-२, ७-५. जोकोविचचे पॅरिसचे कप तीन, बोर्गचे सहा. दुसरा बोर्गच.

निपाणीवाला
हे मान्य, पण तिसरा जोकोविच. विलास चौथा, कारण फ्रेंच ओपन एकच. पाचवा ब्राझीलचा कुएर्तेन (फ्रेंच ओपन १९९७, २०००, २००१). २००४ ला खुब्याचं दुखणं असतानाही त्यानं पॅरिसात फेडररला सरळ सेटमध्ये काढलं.

खानापूरकर
१९७५ आणि १९७८ चे स्कोअर बघून विलासला खाली घेतो. पण ऑस्ट्रियाचा मुस्टर राहिला की हो! ४४ विजेतेपदांपैकी ४० क्लेवर, फ्रेंच मात्र एकच, १९९५ चं. लेंडल आणि विलँडर यांचे तीन-तीन आहेत. मुस्टर त्यांच्या वर धरायचा की खाली?