शब्दचर्चा : ‘सेंट पॅट्रिक्स डे’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : आयर्लंडचा संरक्षक संत पॅट्रिक याच्या नावाने १७ मार्चला होणाऱ्या ‘सेंट पॅट्रिक्स डे’चा उल्लेख एका मजकुरात ‘पॅट्रिक जयंती’ असा वाचला आणि तो खटकला. योग्य शब्द कोणता? तसेच अमेरिकेत हा दिवस रुजवणाऱ्या आयरिश लोकांना ‘स्थलांतरित’ म्हणावे की ‘निर्वासित’? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : ‘जयंती’ हा शब्द येथे चुकीचाच आहे. १७ मार्च ही परंपरेने पॅट्रिकच्या मृत्यूची तारीख मानली जाते, त्यामुळे काटेकोर शब्द हवा असेल तर तो ‘पुण्यतिथी’. हा संत जन्माने आयरिश नव्हता, हेही सांगण्याजोगे आहे. रोमन अमलाखालील ब्रिटनमध्ये वाढलेल्या या मुलाला सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी पकडून नेले, सहा वर्षे त्याने तेथे गुलाम म्हणून जनावरे राखली आणि निसटून घरी गेल्यावर पुढे तो धर्मप्रसारासाठी त्याच बेटावर परतला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

मात्र ‘पुण्यतिथी’ शोभते ती आयर्लंडमधल्या जुन्या दिवसाला. तेथे हा दिवस चर्चचा आणि कुटुंबाचा होता. तो ईस्टरआधीच्या उपवासकाळात (‘लेंट’मध्ये) येतो, आणि १९२०च्या दशकातील कायद्याने त्या दिवशी दारूचे गुत्ते कित्येक दशके बंद असत. (डब्लिनच्या श्वानप्रदर्शनात मात्र पेय मिळे, त्यामुळे त्या दिवशी अनेकांचे श्वानप्रेम उफाळून येत असे.) ज्याला आज जग ओळखते तो ढोलताशांचा, हिरव्या टोप्यांचा दिवस घडवला तो घर सोडून गेलेल्यांनी. न्यूयॉर्कच्या संचलनाची सुरुवात १७६२ची मानतात, आणि त्यात चालणारे होते ब्रिटिश सैन्यात नोकरी करणारे आयरिश शिपाई. डब्लिनमध्ये सरकारी पातळीवरचे पहिले संचलन १९३१ साली झाले आणि तेथील महोत्सव तर १९९६पासूनचा आहे. म्हणजे उत्सव परदेशात वाढला आणि मग माहेरी आला. म्हणून संदर्भ आयर्लंडमधल्या धार्मिक दिवसाचा असेल तर ‘संत पॅट्रिकची पुण्यतिथी’ आणि अमेरिकेचा असेल तर ‘सेंट पॅट्रिक्स डे’ हेच नाव ठेवून पुढे ‘उत्सव’ म्हणावे, असे माझे मत आहे.

‘परेड’साठीही एकच शब्द पुरणार नाही. न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर आजही चित्ररथ नसतात. अमेरिकी सैन्याची आयरिश परंपरेची ६९वी रेजिमेंट पुढे असते आणि मागून गावोगावच्या संघटना, वाद्यपथके पायी चालतात. ते ‘संचलन’ आहे. डब्लिनमध्ये मोठाले देखावे आणि सोंगे असतात, ती ‘मिरवणूक’.

दुसरे उत्तर : दिवसाबद्दल वरील मताशी सहमत आहे. माणसांबद्दल लिहितो.

‘स्थलांतरित’ हा शब्द चूक नाही, पण तो बदली झालेल्या कारकुनालाही लागू पडतो. १८४५पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला. गरीब कुळांच्या पोटात बटाट्याखेरीज दुसरे फारसे काही जात नव्हते, आणि त्याच वर्षांत त्या बेटावरून धान्य बाहेर पाठवले जात होते. सुमारे १० लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली; १८४१च्या जनगणनेतील ८२ लाखांच्या आसपासची लोकसंख्या १८५१मध्ये ६५ लाखांवर आली. ‘ब्लॅक फॉर्टी-सेव्हन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १८४७ सालात कॅनडातील ग्रोस ईल या बेटावर, जेथे येणाऱ्यांना साथीच्या भीतीने वेगळे ठेवत, जहाजांतून आलेल्यांपैकी ५,०००हून अधिक माणसे पुरावी लागली. अशा जहाजांना ‘शवपेटी जहाजे’ हे नाव पडले, ते उगाच नाही. या पिढीसाठी मला ‘परागंदा’ हा शब्द नेमका वाटतो. मूळ फारसीत त्याचा अर्थ ‘विखुरलेला’ असाच आहे, आणि इंग्रजीत ज्याला ‘डायस्पोरा’ म्हणतात त्याच्या मुळाशीही विखुरणेच आहे.

‘निर्वासित’ मात्र टाळावे. आज त्या शब्दाला कायद्याचा अर्थ चिकटला आहे, आणि त्या काळी या लोकांना तसा दर्जा किंवा आसरा कोणी देऊ केला नव्हता. उलट १८५०च्या दशकात अमेरिकेत कॅथलिक आगंतुकांच्या विरोधावर ‘नो-नथिंग’ नावाचा राजकीय पक्षच उभा राहिला. अशा वातावरणात शहराच्या मधोमध हजारोंनी चालत जाणे म्हणजे आपली संख्या आणि मतदानातली ताकद दाखवणे होते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पण ‘परागंदा’ म्हटले की कर्ज बुडवून किंवा पोलिसांच्या भीतीने पळालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. तो अर्थ येथे अन्यायाचा होणार नाही का?

दुसरे उत्तर देणारे : शंका रास्त आहे. पण दुष्काळात, सावकारीत ‘घरदार सोडून परागंदा झाले’ असे आपण सहानुभूतीनेही म्हणतो. दोष कुणाचा हे वाक्यावरून कळते. जमीनदाराने थकलेल्या खंडासाठी झोपडी पाडली आणि कुटुंब बंदराकडे निघाले, यात पळून जाण्याची छटाही अगदीच खोटी नाही. फक्त काळ पाहून शब्द वापरावा. कोणी अमेरिकेला निघाले की आदल्या रात्री आयर्लंडच्या खेड्यांत ‘अमेरिकन वेक’ होत असे. मयताच्या घरी रात्रभर बसावे तसे शेजारीपाजारी बसत, गात, नाचत आणि पहाटे आई हंबरडा फोडी, कारण जिवंत माणूस पुन्हा दिसणार नाही हे सर्वांना ठाऊक असे. त्या पिढीला ‘परागंदा’. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरात, बाहेरून येणाऱ्यांची नोंद करणारे एलिस आयलंडचे केंद्र सुरू झाले तेव्हा तेथे नोंदली गेलेली पहिली व्यक्ती, काउंटी कॉर्कची अ‍ॅनी मूर, न्यूयॉर्कमधल्या आईवडिलांकडे निघाली होती. तिला ‘स्थलांतरित’ म्हणावे. आणि आज अमेरिकेत स्वतःला आयरिश म्हणवणाऱ्या ३ कोटींहून अधिक लोकांना ‘आयरिश वंशाचे’ एवढेच पुरे.

पहिले उत्तर देणारे : एक पुरवणी. १९५२ साली आयरिश राजदूताने अध्यक्ष ट्रूमन यांना शॅमरॉक, म्हणजे आयर्लंडचे प्रतीक असलेले क्लोव्हर नावाचे तीन पानांचे रोपटे, पाठवले, आणि पुढे ते भांड्यात घालून व्हाइट हाउसमध्ये देण्याची प्रथा पडली. २०१८ साली ते भांडे देणारे आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर होते. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड. त्यांच्यासाठी ‘मूळचे वराडचे’ हा प्रयोग मात्र करू नये, कारण त्यांचा जन्म डब्लिनचा आहे. ‘वडिलांकडून वराडचे’ असे लिहावे.